वगैरे

गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, जेवणाची पाने मांडायची राहिली होती, आणि सूनबाई बैठकीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती एका कार्यालयात नोकरीला आहे. कोणत्या, हे सांगण्याचे कारण नाही. तेथील जुन्या मिसली आणि खसरे यांच्या प्रतिमा यंत्राने काढून झाल्या असून आता पानापानाची अनुक्रमणिका भरण्याचे काम चालू आहे. दिवसाला किती पाने व्हावीत हे ठरलेले असते. दिवस संपतो, पाने संपत नाहीत. उरलेली तिच्याबरोबर घरी येतात. शेजारी मोबाइल ठेवलेला होता. दर काही मिनिटांनी तो उजळे, ती मान वळवून पाही आणि पुन्हा कामाला लागे.

“बाबा, जरा बघता का? इथं नावापुढं ‘वगै.’ असं काहीतरी लिहिलंय. नावाचा रकाना नीट भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. काय भरू?”

चष्मा लावून मी पाहिले. बोरूने लिहिलेले वळणदार अक्षर, एका पुरुषाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, जात, मुक्काम, आणि शेवटी ‘वगै.’ पंचवीस वर्षांपूर्वीचा एक माणूस त्या दोन अक्षरांमागून माझ्याकडे पाहत आहे, असे मला क्षणभर वाटले.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. तिकडे जो सातबारा, त्याच्या जवळपासचे आमच्याकडचे कागद म्हणजे खसरा आणि बी-१. शेताचा क्रमांक, क्षेत्र, पीक, धारकाचे नाव. एका शेताचे धारक सात-आठ असत : भाऊ, चुलतभाऊ, निवर्तलेल्या भावाची विधवा, तिची अज्ञान मुले. रकाना लहान, गावे पुष्कळ, आणि तेच पुढच्या वेळी पुन्हा लिहायचे. म्हणून पटवारी पुष्कळदा पहिले नाव पूर्ण लिही आणि बाकीच्यांसाठी ‘वगैरा’ लिहून मोकळा होई. त्या ‘वगैरा’त कोण कोण आहे हे गावाला ठाऊक असे, पटवाऱ्याला असे, आणि तहसिलीतील एखाद्या जुन्या बाबूला असे. कागदावर शोधायचेच झाले तर नामांतरणाची जुनी पंजी किंवा बंदोबस्ताची मिसल उपसावी लागे. ती उपसणारा माणूस मात्र हवा.

ग्वाल्हेर हे कागदावर जगणारे शहर आहे. १९५६ साली मध्यप्रदेश घडला, तेव्हा राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला. मध्य भारताची हिवाळी राजधानी गमावलेल्या आमच्या शहराच्या वाट्याला महालेखाकार, राजस्व मंडळ, परिवहन, आबकारी, भू-अभिलेख अशी दफ्तरे आली. लष्करातील मराठी घरांना दफ्तर नवे नव्हते. माझे आजोबा दरबारच्या कचेरीत मोडीत लिहीत. वडिलांनी नागरी टंकयंत्रावर बोटे झिजवली. मी संगणक पाहिला. प्रत्येक वेळी लेखणी बदलली आणि प्रत्येक वेळी कोणीतरी वयस्क माणूस कोपऱ्यात गप्प बसून राहिला. आजोबांच्या एका स्नेह्याविषयी वडील सांगत, की मोडी गेल्यावर ते पाच वर्षे नोकरीत होते, पण त्यांच्यापुढे कोणी कागद ठेवला नाही.

मी १९८३ साली नोकरीस लागलो. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने जमिनीच्या अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता आणि आमचा मुरैना होता. मुरैना म्हणजे ग्वाल्हेरहून जेमतेम चाळीस किलोमीटर. आम्हा तरुण अधिकाऱ्यांना केवढा अभिमान! बाबूंना मात्र धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नव्हती. पुढे काही वर्षांतच बिर्लानगरातील जियाजीराव कॉटन मिल बंद पडली. ती यंत्रांमुळे पडली असे नव्हे, पण एवढा मोठा भोंगा एकदा थांबला की गावात कोणालाही कसलाही भरवसा वाटेनासा होतो. ‘आता मशीन येणार’ या वाक्याचा अर्थ त्या दिवसांत प्रत्येक कार्यालयात वेगळा लावला जात असे.

मशीन आली. तिच्यासाठी खोली रंगवली गेली, वातानुकूलन बसले, दाराशी पायपुसणे आले. आत जाताना जोडे बाहेर काढायचे. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असता आतले म्हातारे बाबू थंड फरशीवर अनवाणी, गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले मी पाहिले आहेत. गारवा यंत्रासाठी होता. माणसाला तो बाधतो की मानवतो, हे विचारण्याची रीत नव्हती. विजेचे हाल तर सांगू नयेत. ती बहुधा रात्री येई, म्हणून काम रात्री चाले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती माझ्या चुकीची आहे.

१९९९-२००० च्या सुमारास मी चंबळ विभागातील एका तहसिलीत खसऱ्यांच्या नोंदी संगणकात भरण्याच्या कामावर देखरेखीला होतो. भरणारी मुले ठेकेदाराची होती. त्यांना नोंदीमागे पैसे मिळत. भरलेली नोंद मूळ बस्त्याशी ताडून पाहण्याचे, म्हणजे मिलानाचे काम आमच्या जुन्या बाबूंकडे होते. त्यांत एक बडेबाबू होते. ते लष्करचेच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे. शनिवारी रात्री गाडीने घरी येत आणि सोमवारी पहाटे परतत. गणपतीत भेट झाली की मी त्यांना ‘नाना’ म्हणे आणि तेही मला घरच्यासारखे ‘अहो, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ असे बजावीत. तहसिलीच्या पायरीवर मात्र मी ‘बडेबाबू’ म्हणे आणि ते ‘साहेब’. हा भेद त्यांनी कधी चुकवला नाही.

पहिल्याच महिन्यात मला त्यांचा राग आला होता. मी खोलीत शिरलो की बाकीचे बाबू उठत, नानाही उठत. पण बसल्यावर ते हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून पाहावे तसे पडद्याकडे पाहत आणि तशीच हनुवटी ठेवून माझ्याकडे वळत. मला तो उद्धटपणा वाटला. एकदा मी एका सहकाऱ्याजवळ बोलूनही दाखवले, की म्हाताऱ्याचा ताठा गेला नाही. त्याचे कारण मला तीन-चार वर्षांनी कळले, जेव्हा माझ्याच नाकावर दुहेरी भिंगाचा चष्मा आला. वाचायचे भिंग खालच्या अर्ध्यात असते. त्या काळी यंत्राचा डबा आडवा ठेवून त्यावर पडदा ठेवीत, म्हणजे पडदा डोळ्यांच्याही वर. त्यावरची अक्षरे खालच्या भिंगातून वाचायची तर हनुवटी उचलण्याखेरीज गत्यंतर नाही. दिवसातले सात तास. नाना रोज संध्याकाळी मानेला हात लावून बसत, तेही मी पाहिले होते. पण त्या दोन गोष्टी एकमेकींशी जोडण्याइतके माझे लक्ष नव्हते. माझे लक्ष फलकाकडे होते.

तो फलक मीच लावला होता. काळ्या फळीवर प्रत्येकाचे नाव, त्यापुढे रोजची संख्या. लक्ष्याच्या वर गेला तर हिरवा खडू, खाली राहिला तर लाल. जिल्ह्याहून दर आठवड्याला प्रगतीपत्रक मागत, आणि आमची तहसील शेवटून दुसरी होती. लक्ष्य दिवसाला दीडशे नोंदींचे होते. नानांचे मिलान चाळीसच्या वर जात नसे. रोज लाल खडू. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेला माणूस, ज्याने तीस वर्षे ते दफ्तर सांभाळले, त्याचे नाव ठेक्यावरच्या विशीतल्या पोरांच्या खाली लाल खडूने. मी त्याचा विचार केला नाही असे नाही. केला, आणि तो मला उपयोगी वाटला. लाज वाटली तर वेग वाढेल, असा हिशेब होता.

वेग वाढला नाही, तेव्हा मी ‘कारण बताओ’ सूचना दिली. नानांनी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिले : प्रत्येक ‘वगैरा’ उघडून पाहावा लागतो, एकेका ‘वगैरा’ला कधी अर्धा तास लागतो, संगणकात प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळ असल्याने आता ही नावे एकदाची पूर्ण चढवता येतील, तरी मुदत वाढवून मिळावी. मी समासात लिहिले, ‘समाधानकारक नाही’.

त्यानंतरच्या सोमवारपासून नानांचे मिलान दीडशेवर गेले. पुढे एकशेसाठ. मी हिरव्या खडूने लिहिले, आणि जिल्ह्याच्या बैठकीत सांगितले, की वृद्ध कर्मचारीदेखील मनात आणले तर नवे तंत्र आत्मसात करू शकतात. टाळ्या नाही वाजल्या, पण माना डोलल्या.

चार-पाच महिन्यांनी एक बाई आली. विधवा, पंचेचाळिशीची असेल. हातात जुन्या नकलेचा कागद, त्यावर दिराच्या नावापुढे ‘वगैरा’. दुसऱ्या हातात संगणकातून निघालेली नवी बी-१, तीवर दिराचे एकट्याचे नाव. भरणाऱ्या मुलाने ‘वगैरा’ गाळला होता, कारण तो नाव नव्हे आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. मिलान करणाऱ्याने तसेच पास केले होते. खाली सही नानांची. किसान क्रेडिट कार्डाची योजना तेव्हा नवीन होती. ती बाई बँकेत गेली, तर तिच्या नावावर जमीनच नाही असे निघाले. दीर म्हणे, कागद बघा. कागद संगणकाचा, म्हणजे खरा!

भू-राजस्व संहितेच्या ११५ व्या कलमाखाली चुकीची नोंद दुरुस्त करता येते. अर्ज, पटवाऱ्याचा अहवाल, हितसंबंधितांस सूचना, सुनावणी. दिराने हरकत घेतली. मोहरीची पेरणी त्या वर्षी तिच्या हातून गेली. नाव चढले ते होळीनंतर.

मी नानांना बोलावले. खोलीत दोघेच होतो. “बडेबाबू, हे कुटुंब तर तुमच्या ओळखीचे. मग हे तुमच्या नजरेतून सुटले कसे?”

ते हनुवटी न उचलता, टेबलाकडे पाहत म्हणाले, “साहेब, नजरेतून सुटलं नाही. नजर टाकलीच नव्हती. आपण संख्या मागितली होती. संख्या दिली.”

मी चिडू शकलो असतो, अधिकार होता. पण कशावर चिडायचे? त्यांचे ते लेखी उत्तर माझ्याच कपाटात होते, आणि त्यावर माझी अक्षरे होती.

हा प्रसंग मी येथे सांगतो आहे म्हणून कोणी असे समजू नये, की जुन्या बस्त्यांच्या काळाविषयी मला हळहळ वाटते. ते दिवस मी पाहिले आहेत. एका नकलेसाठी शेतकरी दोन-दोन दिवस तहसिलीच्या झाडाखाली झोपे. बस्त्यांना वाळवी लागे, आणि कधीकधी जे पान लागू नये त्यालाच नेमकी लागे. ‘वगैरा’ हे काही केवळ आळसाचे लक्षण नव्हते. त्याच्या आड विधवांचे आणि बहिणींचे हिस्से पिढ्यानुपिढ्या दडवले गेले, आणि तो उघडण्यासाठी पैसे घेणारे बाबूही होते. आज बी-१ घरबसल्या निघते. २०१० साली मध्यप्रदेशाने लोकसेवा हमीचा कायदा केला, असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. ठरल्या मुदतीत काम केले नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्याने साध्या माणसाची पायपीट किती वाचली, हे मी स्वतः पाहिले आहे. २०२२ साली दतिया आणि सिहोर येथे ‘सायबर तहसील’ सुरू झाली व २०२४ च्या फेब्रुवारीत ती राज्याच्या सर्व ५५ जिल्ह्यांत गेली : संपूर्ण शेताची, वाद नसलेली खरेदी झाली, की अर्जाविना, तहसिलीत पाऊल न टाकता नामांतरण. उत्तम गोष्ट आहे. मुद्दा इतकाच, की जेथे नोंद स्वच्छ आहे तेथे यंत्र विजेसारखे धावते. जेथे नोंद स्वच्छ करायची आहे तेथे कोणीतरी बसून, बस्ता सोडून, गावातल्या म्हाताऱ्याला विचारून ती करावी लागते. संगणकात सर्व नावांना जागा होती. आम्ही ती भरण्याला वेळ दिला नाही. नानांना हे माझ्या आधी कळले होते, आणि त्यांनी ते लिहूनही दिले होते.

पुढे एका प्रशिक्षणासाठी टिपण तयार करताना मी बाड्यावरील मध्यवर्ती ग्रंथालयात काही दिवस बसलो. तेव्हा लक्षात आले, की ज्याला आपण नवा प्रश्न म्हणतो तो गिरणगावात कधीच भांडून झाला आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो संप झाला, त्याच्या मुळाशी मजुरीइतकाच हाही प्रश्न होता, की विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत काय. काही गिरण्यांत या पद्धतीला ‘एफिशियन्सी’ असेच नाव होते. मालक म्हणत, यंत्र सुधारले आहे, एक माणूस अधिक पाहू शकतो. कामगार म्हणत, यंत्र तुमचे सुधारले, डोळे आमचे तेच आहेत. चौकशीसाठी फॉसेट समिती बसली. स्वातंत्र्यानंतर, १९५७ साली नवी दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. तीत शासन, मालक आणि कामगार या तिघांनी यांत्रिक सुधारणांविषयी काही तत्त्वे मान्य केली. असलेल्या कामगाराची नोकरी वा कमाई जाऊ नये. कामाचा बोजा किती, हे उभयपक्षी मान्य अशा तज्ज्ञाने मोजावे आणि कामाची परिस्थिती सुधारावी. आणि सुधारणेतून होणारा लाभ समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्यायाने वाटला जावा.

हे तिसरे तत्त्व वाचून मी पुस्तक मिटले. लाभ वाटायचा! आमच्याकडे नोकरी कोणाचीच गेली नव्हती. त्याबाबतीत आम्ही निर्दोष होतो. पण यंत्राने जो वेळ वाचवला, त्याचे काय झाले? नानांच्या टेबलावर नकला लिहिण्याचे तास वाचले होते. ते तास ‘वगैरा’ उघडण्याला लावता आले असते. थोडे पाठ टेकण्याला लावले असते तरी काही बिघडले नसते. आम्ही ते सगळेच्या सगळे नव्या लक्ष्यात घातले. मुळात वेळ वाचला आहे हेच आम्ही मान्य केले नाही. तो वाचला त्याच दिवशी खर्ची पडला. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्राने नेमलेल्या ज्या समितीचा अहवाल १९७२ साली आला, तिचे अध्यक्ष आपले प्रा. वि. म. दांडेकर होते. त्यांची दारिद्र्यावरची मांडणी मी बी.ए.ला अर्थशास्त्रात अभ्यासली होती. ही समिती मात्र परीक्षेत कधी विचारली गेली नाही. असो.

२००३ च्या दसऱ्याला मी नानांच्या घरी गेलो. ते निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. आमच्याकडे मांढरे की माता येथे शमीपूजन होते आणि सोने म्हणून शमीचीच पाने देतात. ती त्यांच्या हातावर ठेवून मी नमस्कार केला. काय बोलावे ते ठरवून गेलो होतो, पण ते बोलणे झाले नाही. चहा झाला. मग ते उठून आत गेले आणि एक वही घेऊन आले. शाळकरी मुलांची असते तशी, शंभर पानी.

“त्या पाच महिन्यांत सही केली पण बघितलं नाही, असे ‘वगैरा’ यात आहेत. गाव आणि खसरा नंबर. रोज संध्याकाळी लिहून ठेवायचो. तिथंच द्यायला हवी होती, पण दिली असती तर चौकशी लागली असती आणि पेन्शन अडकली असती. आता अडकत नाही. तुम्ही बघा.”

मी वही उघडली. एकेका पानावर वीस-पंचवीस ओळी. नाना तेव्हा ‘अहो’ म्हणाले नाहीत, ‘साहेब’ही म्हणाले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत राहिले. मानेची विचारपूस केली तर म्हणाले, “आता बरी आहे. आता खाली बघून वाचतो ना.”

ती वही मी त्या तहसिलीतील तेव्हाच्या अधिकाऱ्याकडे अर्धशासकीय पत्रासह पाठवली. ते सज्जन होते. काही गावांचे मिलान त्यांनी पुन्हा करवले, नंतर त्यांची बदली झाली.

मी शहाणा झालो तो त्यानंतर, आणि तोही अर्धवटच. दुसऱ्या एका जिल्ह्यात पुन्हा असेच काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी यंत्रांचे डबे टेबलाखाली ठेवायला लावले आणि पडदे खाली आणले. खर्च काही नाही. शिपायाचे अर्ध्या दिवसाचे काम. पन्नाशीच्या बाबूंनी हनुवट्या खाली केल्या आणि खोली एकदम वेगळी दिसू लागली. संख्येचा फलक लावला नाही. दुपारी दोन ते तीन या वेळात कोणी काही भरायचे नाही. बस्ते सोडायचे, पटवाऱ्याला समोर बसवायचे आणि त्या दिवशीचे ‘वगैरा’ उघडायचे, असा नियम केला. ठेकेदाराच्या मुलांना हा तास फुकट वाटे, म्हणून त्यांचा दर मी भांडून रोजावर करून घेतला. मुले सुरुवातीला मोबाइलवर खेळत. मग त्यातला एक जण पटवाऱ्याशेजारी जाऊन बसू लागला. त्याला गावातली नाती तोंडपाठ झाली आणि तो इतरांना सांगू लागला, “यह बुढ़िया इसकी चाची है, अलग लाइन में डालो.”

हे वर्णन वाचून गोड शेवटाची अपेक्षा करू नये. आमचा जिल्हा प्रगतीपत्रकात खाली गेला. वरिष्ठांनी विचारले, रोजचा एक तास कुठे जातो? मी सांगितले. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, काम संपल्यावर करा. त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात एक श्रेणी कमी झाली. माझ्यामागून आलेल्यांनी तो तास बंद केला, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यावरही कोणी फलक लावला असेल. पण त्या वर्षभरात ज्या गावांचे काम आम्ही केले, तेथून ११५ कलमाचे अर्ज घेऊन आलेली माणसे मला क्वचितच भेटली. पडदे खाली आणले होते, ते मात्र कोणी पुन्हा वर चढवले नाहीत.

मी १९५८ चा. २०१८ साली साठीला निवृत्त व्हायचा, तर त्याच वर्षी शासनाने वयोमर्यादा बासष्ट केली. म्हणून शेवटची दोन वर्षे मी ती पाहिली, जी सूनबाईची पिढी आज जगते आहे. फाईल खिशात आली होती. नानांना लाल खडू निदान पाच वाजता सोडी. तहसिलीला कुलूप लागले की फलक आत आणि माणूस बाहेर. आता फलक माणसाबरोबर घरी येतो, उशाशी झोपतो. २०२० च्या टाळेबंदीत निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभ पडद्यावरच झाला. बारा चौकोनांतून बारा जण बोलले. त्यांतले दोघे बोलता बोलता दुसरीकडे काहीतरी टंकित होते. मला त्यांचा राग आला नाही. २०२५ च्या पहिल्या जानेवारीपासून भोपाळच्या मंत्रालयात ‘ई-ऑफिस’ सुरू झाले, आणि कागदाची फाईल आता हळूहळू इतिहासजमा होईल. व्हावी. मी स्वतः फाईल शोधण्यात आयुष्यातले किती तास घालवले याचा हिशेब केला, तर नातवाला सांगण्यासारखा नाही.

तर, त्या श्रावणातल्या रात्री सूनबाईने विचारले, ‘वगै.’ म्हणजे काय भरू? मी तिला सांगितले, की हा शब्द नव्हे, ही माणसे आहेत. किती, ते या पानावरून कळणार नाही. हे पान बाजूला ठेव, याच गावाची नामांतरणाची पंजी पाहा, त्या हलक्याच्या पटवाऱ्याला विचार.

“बाजूला ठेवता येत नाही ना, बाबा. पानं क्रमानंच उघडतात. आणि आज अजून तेहतीस राहिलीत.”

मोबाइल उजळला. तिने वाचला, उलटा ठेवला. मग रकान्यात ते पहिलेच नाव भरून टाकले आणि पुढचे पान उघडले. मी काही बोललो नाही. एवढ्यात तिने लॅपटॉपच्या खालून एक छोटी डायरी ओढली आणि तीत पेन्सिलीने त्या पानाचा क्रमांक टिपला. डायरी उघडी होती, म्हणून मला दिसले. आधीचे पुष्कळ क्रमांक होते, दोन पाने भरून तिसऱ्यावर आले होते.

मी उठलो आणि पाट-पाणी करायला स्वयंपाकघरात गेलो.